गुण आणि दोष एकाच मुळातून आलेले गेम : नेमकी चिकित्सा

चौकट

दहापैकी सात असा आकडा देऊन परीक्षण संपवता येतं, पण त्या सातात काय जमा झालं आणि तिनात काय वजा झालं हे त्यातून कळत नाही. ज्या गेममध्ये अव्वल दर्जाचं काही आणि वैताग आणणारं काही शेजारी शेजारी बसलेलं आहे, अशांवर या धाग्यात लिहूया. विनंती एवढीच की गेम कोणत्या मशीनवरचा आणि कोणत्या पॅचनंतरचा (प्रकाशनानंतरच्या दुरुस्तीनंतरचा) ते लिहा, दोष कशामुळे आला ते सांगा आणि उपाय असेल तर तोही द्या. माझं मत असं की अशा बहुतेक गेममध्ये गुण आणि दोष एकाच निर्णयातून निघालेले असतात. तो निर्णय सापडला की गेम आपल्याला झेपेल का, हे विकत घेण्याआधीच ठरवता येतं.

सुरुवात ड्रॅगन्स डॉग्मा २ पासून (कॅपकॉम, मार्च २०२४). यातली भटकंती मला गेल्या काही वर्षांतली सर्वांत जिवंत वाटते. ग्रिफिनच्या पाठीवर चढलात आणि तो उडाला तर तुम्हीही त्याच्याबरोबर जाता आणि भलत्याच मुलखात उतरता. मार बसत गेला की आरोग्याची कमाल मर्यादाच थोडी थोडी खाली येते. साध्या औषधांनी ती भरत नाही, त्यासाठी सराईत किंवा कॅम्पवर मुक्काम करावा लागतो. रात्र खरोखर काळोखी असते आणि कंदिलाचं तेल संपतं. झटपट प्रवासाला फेरीस्टोन हा खर्ची पडणारा दगड लागतो, दुकानात तो १०,००० सोन्याला मिळतो आणि पोहोचायच्या जागी पोर्टक्रिस्टल हा खुणेचा स्फटिक असावा लागतो. त्यामुळे 'आत्ता परत फिरायचं की आणखी एक टेकडी ओलांडायची' हा प्रश्न दर अर्ध्या तासाने खराखुरा पडतो.

पण हीच भटकंती तिसाव्या तासानंतर पातळ होते. गोब्लिन, सरडेमाणसं, हार्पी, लांडगे, डाकू हेच फिरून फिरून येतात. बटाहल प्रांतात रंग बदलतो, शत्रूंचा मूळ साचा बदलत नाही. पायी चालायला भाग पाडणाऱ्या गेमला वाटेवर जितकी विविधता लागते, तितकी इथे बनवलेलीच नाही. मुख्य कथानकही अर्ध्यावर दम टाकतं.

व्हर्नवर्थ शहरात फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) कोसळतो. कारण ग्राफिक्स कार्ड नव्हे, प्रोसेसर. शहरातल्या प्रत्येक पात्राची हालचाल आणि भौतिकी सतत मोजली जाते, हे कॅपकॉमनेही सांगितलं होतं. म्हणून रिझोल्यूशन कमी करून शहरात जवळपास काही मिळत नाही, अपस्केलिंगनेही (लहान चित्र मोठं करून दाखवण्यानेही) नाही. फ्रेम जनरेशनने (मधल्या फ्रेम कृत्रिमपणे भरण्याने) चित्र गुळगुळीत दिसतं, बटणाचा प्रतिसाद मात्र सुधारत नाही. कन्सोलवर प्रकाशनानंतर आठवडाभरात ३० फ्रेमची मर्यादा आणि रे ट्रेसिंग बंद करायचा पर्याय आला. त्या मर्यादेने निदान चढउतार थांबतो.

शून्यप्रहर

सहमत. याच गेममधल्या ड्रॅगन्सप्लेग या रोगाबद्दल भर घालतो, कारण बरेच जण या एका गोष्टीमुळे गेम सोडतात.

हा रोग प्याद्यांना, म्हणजे गेमच चालवतो त्या साथीदारांना, एकमेकांकडून लागतो. एक मुख्य प्यादं तुमचं स्वतःचं असतं, बाकीची भाड्याची. लक्षणं अशी : प्यादं डोकं धरतं, सांगितलेलं टाळतं, उद्धट बोलतं आणि डोळे लाल चमकतात. अशा प्याद्याबरोबर सराईत झोपलात की रात्रीत त्या वस्तीतली माणसं मारली जातात. सेव्हची जागा एकच आणि सराईचा मुक्काम हाच वेगळा सेव्ह, त्यामुळे मागे फिरायला वाट उरत नाही. म्हणून क्रम ठेवा : आधी प्याद्याचे डोळे बघा, मग खोली घ्या. भाड्याचं प्यादं आजारी असेल तर परत पाठवा. मुख्य प्यादं असेल तर खोल पाण्यात ढकला. पाण्यातला ब्राइन हा राक्षस ते ओढून नेतो, मग रिफ्टस्टोन या प्यादी बोलवायच्या शिळेवर बोलवा, रोग गेलेला असतो. उशीर झाला असेल तर शवागारात वेकस्टोन (मेलेल्याला उठवणारा दगड) वापरून एकेक माणूस उठवता येतो. अख्खी वस्ती उठवायला एटर्नल वेकस्टोन लागतो, तो स्फिंक्सच्या कोड्यांतून मिळतो. पुढच्या एका पॅचने लागण कमी केली आणि लक्षणं जास्त ठळक केली.

कल्पना धाडसी आहे. चूक एवढीच की परिणाम इतका मोठा असताना पहिला इशारा फार पुसट ठेवला होता.

फ्रेमटाइम

चौकट यांनी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचा भेद काढला ते बरं झालं. 'ऑप्टिमायझेशन खराब' या दोन शब्दांत सगळं कोंबलं जातं आणि मग उपाय चुकीच्या जागी होतात.

आधी मोजमाप. सरासरी फ्रेमरेटवर विश्वास ठेवू नका. ६० फ्रेमला प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. एका सेकंदात एकच फ्रेम १०० मिलिसेकंद अडली आणि बाकी सगळ्या वेळेवर आल्या, तरी त्या सेकंदात साधारण ५५ फ्रेम भरतात. आकडा छान दिसतो, डोळ्याला मात्र सहा फ्रेमइतका खड्डा जाणवतो. म्हणून फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख लावा आणि १ टक्का लो, म्हणजे सर्वांत संथ १ टक्का फ्रेमचा आकडा, बघा.

अडखळण्याचे मुख्य प्रकार वेगळे करायला सोपी चाचणी आहे. एकाच रस्त्याने दोनदा जा. पहिल्यांदा झटका बसला आणि दुसऱ्यांदा नाही, तर तो शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारा चित्र रंगवायचा छोटा प्रोग्रॅम) संकलनाचा. नवा परिणाम पडद्यावर येण्याच्या क्षणी त्याचा शेडर तुमच्या कार्डासाठी तयार केला जात असतो आणि फ्रेम त्याची वाट बघत थांबते. दोन्ही वेळा त्याच दारापाशी, त्याच पुलावर झटका बसला तर तो प्रवासातला : पुढचा भाग मेमरीत आणून त्यातल्या वस्तू उभ्या करण्याचं काम मुख्य थ्रेडवर पडतं. आणि झटका नसून गर्दीत सगळंच मंद होत असेल तर प्रोसेसरची मर्यादा.

शेडरच्या झटक्यावर उपाय असतो. मेनूत शेडर आधी तयार करायची सोय असेल तर ती पूर्ण होऊ द्या, मध्येच 'वगळा' दाबू नका. ड्रायव्हर बदलला की ही साठवण पुन्हा करावी लागते, त्यामुळे लांबलचक गेमच्या मध्यावर विनाकारण ड्रायव्हर बदलू नये. प्रवासातल्या झटक्याला खेळणाऱ्याच्या हातात फारसं काही नाही. स्टार वॉर्स जेडाय सर्व्हायव्हर (एप्रिल २०२३) हे त्याचं ठळक उदाहरण. तलवारीच्या पाच पवित्र्यांची लढाई आणि कोबोह ग्रहाचा गुंतागुंतीचा नकाशा अव्वल, पण पीसीवरचे झटके पॅचनंतर कमी झाले, संपले नाहीत. व्हीआरआर मॉनिटर (गेमच्या वेगाप्रमाणे स्वतःचा रिफ्रेश बदलणारा) ५० ते ६० मधला चढउतार लपवतो, १०० मिलिसेकंदांचा खड्डा लपवू शकत नाही.

एक व्यावहारिक तोडगा : १२० हर्ट्झचा पडदा असेल तर गेम ४० फ्रेमवर बांधा. एका फ्रेमला २५ मिलिसेकंद मिळतात. वेळेच्या हिशोबाने हा ३० आणि ६० यांचा बरोबर मध्य आहे, आणि दर तीन रिफ्रेशला एक फ्रेम नेमकी बसते.

निशाचर

सायबरपंक २०७७ शिवाय हा धागा अपुरा राहील. या गेमचं परीक्षण करताना 'कोणता?' हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

१० डिसेंबर २०२० चा, जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवरचा गेम विकण्याच्या लायकीचा नव्हता. सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढला आणि जून २०२१ मध्ये परत घेतला. फेब्रुवारी २०२२ च्या १.५ पॅचने नव्या कन्सोलची स्वतंत्र आवृत्ती दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये २.० आला आणि पाठोपाठ फँटम लिबर्टी हा विस्तार. जुन्या कन्सोलवर २.० आलाच नाही, त्यामुळे त्या डिस्कवर आजचं कोणतंही कौतुक लागू होत नाही.

२.० ने नेमकं काय बदललं? संरक्षण कपड्यांतून काढून शरीरात बसवायच्या सायबरवेअरमध्ये नेलं आणि त्याला क्षमतेची मर्यादा घातली. आधी चांगला आकडा मिळवायला विदूषकासारखे कपडे घालावे लागत, तो प्रकार थांबला. कौशल्यवृक्ष नव्याने लिहिले, त्यामुळे '३ टक्के जास्त इजा' असल्या भुरट्या पर्कऐवजी (लेव्हलबरोबर निवडायच्या क्षमतांऐवजी) हवेत डॅश करणं, गोळ्या तलवारीने परतवणं अशी खेळ बदलणारी पर्क आली. औषधं आणि बॉम्ब साठवायचे राहिले नाहीत, वापरले की ठरावीक वेळाने परत भरतात. पोलीस पूर्वी पाठीमागे उगवायचे. आता गाड्यांतून पाठलाग करतात आणि पाच ताऱ्यांवर मॅक्सटॅक ही खास तुकडी येते.

न बदललेलंही सांगितलं पाहिजे. सुरुवातीला निवडलेला जीवनमार्ग आजही प्रस्तावनेपुरता आणि काही संवादांपुरता आहे. रस्त्यावरची गर्दी दिसायला दाट, पण तिच्याशी करण्यासारखं जवळपास काही नाही. आणि सर्वांत खोल भेग कथेत आहे : नायकाच्या मेंदूतली चिप त्याला मारत चालली आहे असं मुख्य कथा बजावत राहते, आणि नकाशा मात्र शंभर छोटी कामं उघडून बसतो. हे कोणत्याही पॅचने मिटणारं नाही, कारण त्या चिपमधल्या जॉनीबरोबरच्या कथेची धार याच घाईतून येते.

खेळायचा क्रम असा सुचवेन : मुख्य कथेत व्हूडू बॉइज या टोळीचा भाग संपवा, त्यानंतर फँटम लिबर्टीचा फोन येतो. तिथून लगेच विस्ताराच्या डॉगटाउन भागात न जाता पॅनम, जूडी, रिव्हर या सोबत्यांच्या मालिका करा. त्या काळात मुख्य कथा नैसर्गिकपणे थांबलेली वाटते. मग डॉगटाउन, मग शेवट. विस्तारातून एक वेगळा शेवट उघडतो, म्हणून तो आधी झालेला बरा.

अर्धविराम

पॅचने सुटणाऱ्या दोषांवर बरंच झालं. मला न सुटणारे जास्त महत्त्वाचे वाटतात.

रेड डेड रिडेम्प्शन २ (२०१८). आर्थर चालायला लागतो तेव्हा आधी वजन एका पायावर घेतो, वळताना खांदा फिरवतो, खण उघडताना हात खरोखर खणापर्यंत नेतो. त्याच्या देहाला जडपणा आहे आणि त्यामुळेच त्याचा खोकला, त्याचं थकणं पटतं. पण ॲनिमेशनला प्राधान्य म्हणजे बटण दाबल्यावर चालू हालचाल पुरी होईपर्यंत थांबणं. त्यात कन्सोलवर ३० फ्रेम. अरुंद खोलीत वळताना किंवा लुटताना चुकीची वस्तू उचलली जाते ती यामुळेच. निशाण्यापुरता उपाय आहे : सेटिंगमध्ये निशाण्याचा डेडझोन (स्टिक हलूनही काही न होणारा पट्टा) कमी करा, ॲक्सलरेशन वाढवा. चालण्याचा जडपणा तसाच राहणार, तो स्वीकारूनच हा गेम घ्यावा.

मला त्याहून मोठा आक्षेप मिशनच्या रचनेवर आहे. मोकळ्या मुलखात गेम तुम्हाला हवं ते करू देतो, आणि मिशन सुरू होताच रुळावर बसवतो. शत्रूला बाजूने वळसा घातला, सोबत्यापासून थोडं लांब गेलं, की 'मिशन फसलं'. मागून येऊन चकवायची कल्पना त्या जगानेच तुम्हाला शिकवलेली असते, आणि तीच इथे गुन्हा ठरते. संवाद आणि दृश्यरचना वेळेवर बसवायची म्हणून हे केलेलं आहे हे कळतं. तरीही दोन वेगळे गेम एकत्र शिवल्याची शिवण दिसते.

याच्या अगदी उलट मेटल गिअर सॉलिड ५ : द फँटम पेन (सप्टेंबर २०१५). मिशनच्या आतलं स्वातंत्र्य आजही कुणी गाठलेलं नाही असं माझं ठाम मत आहे. पहारेकरी तुमची सवय शिकतात. डोक्यात गोळ्या मारत राहिलात की हेल्मेट येतात, रात्री घुसत राहिलात की रात्री दिसणारे चष्मे येतात, गुंगीचा वायू वापरलात की मुखवटे येतात. ते थांबवायला आपल्या तळावरून तुकड्या पाठवून त्यांचा पुरवठा तोडता येतो. म्हणजे गेम तुमच्या आळशीपणावर उत्तर देतो आणि तुम्ही त्या उत्तरावर. वर हे सगळं प्लेस्टेशन ४ वर ६० फ्रेमला.

आणि गोष्ट? पहिला अध्याय ३१ व्या मिशनला संपतो. दुसऱ्यात ३२ ते ५० असे आकडे दिसतात, पण त्यांतली बरीच जुनीच मिशन 'एक्स्ट्रीम', 'सब्सिस्टन्स', 'टोटल स्टेल्थ' या नावांनी परत आलेली आहेत. ५१ वं मिशन अर्धवट राहिलं आणि त्याची चित्रफीत विशेष आवृत्तीच्या डिस्कवर दिली गेली. सब्सिस्टन्स टाळू नका : शस्त्र, सोबती काही नाही, तिथेच सापडेल ते वापरायचं. या गेमची ताकद तिथे सर्वांत शुद्ध दिसते. एक्स्ट्रीम मात्र खुशाल सोडा, त्यांची सक्ती नाही. मधल्या छोट्या साइड ऑप्स आणि मुख्य मिशन करत राहिलं की कथा पुढे सरकते.

रानवारा

पुनरावृत्तीचा विषय निघालाच आहे तर निअर ऑटोमाटा (२०१७). इथे पुनरावृत्ती पैसे किंवा वेळ संपला म्हणून आलेली नाही, कथेची यंत्रणाच ती आहे. तरीही ती दमवते.

पहिला शेवट म्हणजे गेमचा शेवट नाही. दुसऱ्या फेरीत ९एस या दुसऱ्या पात्राच्या रूपात बहुतांश त्याच घटना पुन्हा खेळाव्या लागतात. त्याला जड वार नाही, त्याऐवजी हॅकिंगचा छोटा खेळ आहे, आणि तो शेकडो वेळा येतो. मध्ये मध्ये यंत्रांच्या बाजूची दृश्यं पेरलेली आहेत. तिसऱ्या फेरीत सगळं नवं सुरू होतं आणि तिथे जो घाव बसतो तो दुसऱ्या फेरीशिवाय बसला नसता. मुख्य शेवट ए ते ई असे पाच. एकूण २६, त्यांतले बाकीचे गमतीचे.

उपाय : पहिल्या फेरीत सगळी साइड क्वेस्ट उरकू नका. केलेली पुढे नेली जातात, त्यामुळे अर्धी दुसऱ्या फेरीसाठी ठेवली तर तिथे करण्यासारखं काही उरतं. लेव्हल आणि शस्त्रं तशीच राहतात.

दुसरा दोष अगदी सुरुवातीला. कारखान्याची प्रस्तावना संपेपर्यंत सेव्ह करता येत नाही आणि पुढेही ऑटोसेव्ह नाही. हार्डवर एक-दोन फटक्यांत मरण येतं, आणि प्रस्तावनेत मेलात की विमानाच्या दृश्यापासून पुन्हा. हार्डवर लॉक-ऑनही (शत्रूवर आपोआप नेम धरणंही) बंद असतं. नॉर्मलवर सुरू करा, प्रस्तावना संपली की हवं तर बदला, केव्हाही बदलता येतं. नंतर मेलात तर चिप (क्षमता देणाऱ्या) तुमच्या पडलेल्या देहात राहतात. तो देह गाठायच्या आत पुन्हा मेलात तर त्या गेल्या, म्हणून बॉसपाशी मेल्यावर धावत सुटू नये.

पीसीवाल्यांसाठी : २०१७ ची स्टीम आवृत्ती पूर्ण पडद्यावर चुकीच्या रिझोल्यूशनमुळे अंधुक दिसायची आणि चार वर्षं ते काम एका चाहत्याच्या मॉडने निभावलं. अधिकृत पॅच जुलै २०२१ मध्ये आला, आता मॉडशिवाय चालतो.

लंबक

लेव्हल स्केलिंगवर, म्हणजे तुमच्या लेव्हलबरोबर शत्रूही वाढवण्यावर, कुणी लिहिलं नाही अजून. ऑब्लिव्हियन (२००६) हे त्याचं पाठ्यपुस्तक.

हेतू चांगला होता : पहिल्या तासापासून कुठेही जा, जग तुमच्या बरोबरीचं राहील. म्हणूनच त्या नकाशावर भटकायला मोकळं वाटतं. पण त्याचा अर्थ असा की तुम्ही वाढलात की वाटमारी करणारा साधा डाकूही काचेचं महागडं चिलखत घालून उभा. पुढे ओगर आणि गोब्लिन वॉरलॉर्ड यांचं आरोग्य तुमच्या लेव्हलबरोबर वाढतच जातं, आणि लढाई म्हणजे पोतं बडवणं होतं.

त्यात मूळ गेमची लेव्हल पद्धत उलटी होती. सात मुख्य कौशल्यांत मिळून १० वाढी झाल्या की लेव्हल. त्या वेळी ताकद, चपळाई यांसारखे तीन गुण निवडायचे, आणि एखाद्या गुणाला +५ हवं तर त्या गुणाखालच्या कौशल्यांत आधीच १० वाढी झालेल्या हव्यात. सहज खेळलात तर +२, +३ मिळतात आणि शत्रू मात्र पूर्ण वाढतात. म्हणजे नैसर्गिक खेळणाऱ्याला शिक्षा. एन्ड्युरन्स (दमसास) हा गुण आधी वाढवा, कारण प्रत्येक लेव्हलला मिळणारं आरोग्य त्या वेळच्या एन्ड्युरन्सच्या दहाव्या हिश्श्याइतकं असतं आणि मागचं भरून मिळत नाही. बक्षिसंही मिळतात त्या लेव्हलला गोठतात. चिलरेंडसारखी तलवार पाचव्या लेव्हलला घेतलीत तर ती कायम दुबळीच.

एप्रिल २०२५ च्या रीमास्टरमध्ये दर लेव्हलला १२ पॉइंट मिळतात आणि ते तीन गुणांत, एकात कमाल ५, असे वाटायचे. हिशोबाची वही बंद झाली, हे फार चांगलं केलं. जगाचं स्केलिंग मात्र ठेवलं आहे, त्यामुळे पोतं बडवणं पुढे येतंच. अडचणीची पातळी उतरवायला तिथे संकोच करू नका.

याच घराण्यातला, म्हणजे बेथेस्डा स्टुडिओचा, स्टारफील्ड (सप्टेंबर २०२३). हजाराहून जास्त ग्रह, पण उतरल्यावर दिसणारी ठिकाणं ठरावीक साच्यांची. तीच प्रयोगशाळा दुसऱ्या ग्रहावर आली की खोल्या त्याच, मृतदेह त्याच जागी, चिठ्ठीही तीच. भटकंती हा ज्या घराण्याचा प्राण, त्याने भटकायची वाटच लोडिंग स्क्रीनमध्ये तोडली. उतरणं, बाहेर पडणं, उड्डाण, उडी, प्रत्येक ठिकाणी खंड. शहरांचा धड नकाशा मे २०२४ मध्ये आणि जमिनीवरची गाडी ऑगस्ट २०२४ मध्ये आली.

निशाचर

@लंबक, स्टारफील्डच्या भटकंतीबद्दल मान्य, पण जहाजबांधणीला एक ओळही न देणं अन्याय आहे. तेवढ्यासाठी हा गेम उघडण्यासारखा आहे.

अडतं कुठे ते सांगतो. रिॲक्टर, ग्रॅव्ह ड्राइव्ह (ताऱ्यांमधली उडी मारणारं यंत्र), इंधनटाकी, इंजिन, लँडिंग गिअर, बे (जमिनीवर उतरायचं दार), डॉकर (दुसऱ्या जहाजाला जोडायचं दार) आणि कॉकपिट हे सगळं हवंच. लँडिंग गिअर एकाच पातळीत हवेत. बे आणि डॉकरपासून कॉकपिटपर्यंत चालत जाता येईल अशी जोडणी हवी. नुसता सांगाडा मध्ये आला की चूक दाखवतो. वजन वाढलं की मोबिलिटी १०० च्या खाली घसरते, म्हणजे जहाज जड वळतं, तेव्हा इंजिन वाढवा किंवा माल कमी करा. बी वर्गाच्या रिॲक्टरला पायलटिंगची तिसरी पायरी लागते, सी वर्गाला चौथी. त्यासाठी शत्रूची जहाजं पाडावी लागतात, आणि न्यू अटलांटिसमधल्या व्हॅनगार्डच्या सिम्युलेटरमध्ये पाडलेलीही मोजली जातात. आकाशात शोधत फिरण्यापेक्षा तिथे बसा.

खंत अशी की एवढं सुंदर जहाज बांधून त्यात प्रवास मात्र होत नाही.

शून्यप्रहर

एलियन आयसोलेशन (ऑक्टोबर २०१४) घेतो, कारण तिथे दोष फक्त लांबीचा आहे आणि तो नेमका दाखवता येतो.

यातल्या प्राण्याला, म्हणजे अवकाशस्थानकात तुमचा पाठलाग करणाऱ्या एलियनला, दोन थरांचं डोकं आहे. वरचा थर तुम्ही साधारण कुठे आहात हे जाणतो आणि त्याला त्या भागात ढकलतो किंवा दूर बोलावतो. खालचा थर, म्हणजे प्राणी स्वतः, फक्त डोळ्यांनी आणि कानांनी शोधतो. तुमची जागा त्याला आयती दिली जात नाही. त्यामुळे तो कायम जवळ असतो, तरी फसवणूक वाटत नाही. मोशन ट्रॅकरची (जवळची हालचाल दाखवणाऱ्या हातातल्या यंत्राची) टिकटिक त्याला ऐकू जाते, म्हणून तो जवळ असताना ट्रॅकर खाली ठेवा. छतातल्या व्हेंटमधून लाळ गळत असेल तर त्याखालून जाऊ नका. लॉकर हा शेवटचा आसरा. टेबलाखाली राहून त्याच्या उलट बाजूने सरकणं जास्त सुरक्षित, कारण तिथून निघता येतं. फ्लेमथ्रोअरचा छोटा फवारा पुरतो, आणि जितका वापराल तितका तो त्याला कमी भितो. सेव्हच्या खांबावर काही सेकंद उभं राहावं लागतं आणि तेवढ्यात मरता येतं, हे मला उत्तम वाटतं.

मध्यावर मात्र प्राणी काही मिशन बाजूला जातो आणि वर्किंग जो नावाचे यंत्रमानव पुढे येतात. त्यांची भीती संथ आणि एकसुरी. जनरेटर चालू करा, लिफ्ट बोलवा, वीज परत आणा, अशी कामं साचत जातात. शेवट झाला असं वाटावं अशा जागा तीनदा येतात आणि गेम पुढे जातच राहतो. पाचेक तास कापले असते तर भयपटाचा ताण शेवटपर्यंत टिकला असता.

अवांतर : त्याच मालिकेतला आधीचा एलियन्स कलोनियल मरीन्स (२०१३) मूर्ख शत्रूंसाठी बदनाम आहे. त्याच्या सेटिंग फाइलमध्ये 'टेदर' या शब्दात एक अक्षर जास्त पडलं होतं. ते काढलं की प्राणी बऱ्यापैकी घेरायला लागतात. बाकी गेम तरीही सामान्यच राहतो.

फ्रेमटाइम

फॉलआउट न्यू व्हेगास (ऑक्टोबर २०१०) राहिला. दीड वर्षाच्या मुदतीत ऑब्सिडियनने बनवलेला, आणि लेखनात आजही आदर्श. @लंबक यांच्या ऑब्लिव्हियनला उत्तर म्हणूनही बघता येईल : गुडस्प्रिंग्जहून उत्तरेला गेलात तर कॅझाडोर आणि डेथक्लॉ मारतात, म्हणून बहुतेक जण दक्षिणेला वळतात, प्रिम, निप्टन, नोव्हॅक. जग तुमच्यासाठी झुकत नाही आणि त्यातूनच कथेचा रस्ता आखला जातो. चिलखताचा आकडा इजेतून थेट वजा होतो, तरी किमान २० टक्के इजा पोहोचतेच. म्हणून हलकी, भरभर झाडणारी बंदूक जड चिलखतापुढे निरुपयोगी ठरते. चिलखतभेदी गोळ्या जवळ ठेवा.

गेम मध्येच बंद पडतो तो ३२ बिटचा असल्यामुळे. प्रोग्रॅमला मुळात २ जीबीच मेमरी वापरता येते, ती भरली की थेट बंद. पीसीवर क्रम असा : आधी ४ जीबी पॅचर, मग स्क्रिप्ट एक्स्टेंडर, मग अडखळणं काढणारं टिक फिक्स, मग अनधिकृत बग दुरुस्ती. जीओजी या ऑनलाइन दुकानातल्या आवृत्तीत पहिली पायरी आधीच झालेली असते. मोठे टेक्स्चर मॉड टाळा, मेमरी तिथेच संपते.

अर्धविराम

एल्डन रिंग (फेब्रुवारी २०२२) थोडक्यात. सुरुवातीच्या लिमग्रेव्ह प्रांतापासून लेन्डेल राजधानीपर्यंत इतका नीट रचलेला मोकळा नकाशा दुसरा दाखवता येणार नाही. पुढे बर्फाळ भाग विरळ होतो आणि जुने बॉस परत येतात : एर्डट्री अवतार, थडग्यांतले वॉचडॉग, ॲस्टेल, आणि गॉड्रिकचा जुळा शोभावा असा गॉडफ्रॉय. एवढ्या मोठ्या नकाशाच्या प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी ठेवायचं ठरवलं की हे होणारच. पात्रांच्या क्वेस्ट हरवतात. मार्च २०२२ च्या १.०३ ने भेटलेल्या पात्रांच्या खुणा नकाशावर दिल्या, पण ते पुढे कुठे गेले हे अजूनही शोधावं लागतं.

२०२४ च्या विस्तारात लेव्हल चालत नाही, स्कॅडूट्रीचे तुकडे (नकाशावर विखुरलेली, तिथली ताकद वाढवणारी वस्तू) चालतात. एकूण ५० तुकडे, २० पायऱ्या. साथीच्या आत्म्यांसाठी वेगळी राख, १० पायऱ्या. सुरुवातीला अशक्य वाटणाऱ्या बहुतेकांचे तुकडे गोळा झालेले नसतात. नंतरच्या पॅचने पहिल्या अर्ध्या पायऱ्यांचा लाभ वाढवला, त्यामुळे सुरुवातीचे दहा-बारा तुकडे आता जास्त उपयोगी.

रानवारा

@शून्यप्रहर, आयसोलेशन कोणत्या पातळीवर खेळावा? नॉर्मलवर प्राणी फार माफ करतो असं ऐकलं आहे.

शून्यप्रहर

हार्ड. वर सांगितलेली सगळी यंत्रणा तिथे पूर्ण जाणवते. नाइटमेअर ही नंतर आलेली पातळी आहे, त्यात ट्रॅकर बिघडलेला आणि नकाशा नाही. पहिल्याच खेळात घेतलीत तर स्थानक ओळखीचं व्हायच्या आत वैतागाल. हार्ड जड गेला तर पातळी मध्ये उतरवता येते. आवाजासाठी हेडफोन हवाच, प्राणी व्हेंटमध्ये आहे की जमिनीवर हे पावलांच्या आवाजावरून कळतं, ट्रॅकरवर ते दिसत नाही.